क्रूझच्या थांब्यावर स्कूबा डायव्हिंग: बुडी कधी घ्यावी, कधी टाळावी?

मालवण-तारकर्लीला स्कूबा करून आलेले बरेच जण पुढे मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझचे तिकीट काढतात आणि जहाज थांबेल तिथेही बुडी घ्यायचे ठरवतात. प्रकृती ठीक असेल तर त्यात वावगे काही नाही. मात्र जहाज थांबणार मोजके तास. त्या घाईत दोन गोष्टी राहून जातात: आरोग्याचा फॉर्म नीट भरणे आणि बुडीनंतर विमानापर्यंत पुरेसा वेळ ठेवणे. या दोन्ही गोष्टी रत्नागिरीहून निघण्यापूर्वी घरी बसूनच ठरवाव्या लागतात.

शेवटच्या थांब्याचा हिशेब

पाण्याखाली सिलिंडरमधील हवा दाबाखाली श्वासात घेतली जाते. त्या हवेतील नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो बाहेर पडण्याआधीच तुम्ही उंचावर गेलात, तर बाहेरचा दाब कमी झाल्याने शरीरात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सोड्याच्या बाटलीचे बूच उघडल्यावर होते तसेच. यालाच डिकम्प्रेशन सिकनेस म्हणतात.

विमानाच्या केबिनमध्ये दाब राखलेला असला, तरी तो साधारण 6000 ते 8000 फूट उंचीवर असतो तेवढाच असतो. म्हणून एकाच साध्या बुडीनंतर किमान 12 तास, आणि एकाहून जास्त बुड्या किंवा सलग काही दिवस बुड्या झाल्या असतील तर किमान 18 तास विमान टाळावे, असा डायव्हिंग वैद्यकाचा सल्ला आहे. मी रुग्णांना सरळ 24 तास सांगतो. लक्षात ठेवायला सोपे, आणि जहाज उशिरा पोचले तरी चालते.

यात क्रूझचा फायदाच आहे, कारण जहाज कायम समुद्रसपाटीला असते. गोव्यात दुपारी बुडी घेऊन त्याच जहाजाने दुसऱ्या दिवशी मुंबईला उतरलात, तर मधली रात्र आपोआप मोजली जाते. अडचण होते ती प्रवास गोव्यातच संपत असेल तेव्हा. सकाळी बुडी आणि संध्याकाळी मोपा विमानतळावरून मुलाचे बंगळूरचे विमान, हा बेत चुकीचा आहे. अशा वेळी बुडी आधीच्या थांब्यावर घ्या किंवा विमान दुसऱ्या दिवशीचे काढा.

घाटरस्त्याचा विचार सहसा कोणी करत नाही. गोव्याहून महामार्गाने रत्नागिरीला येताना फार उंची लागत नाही. पण आंबोली घाट चढून गेलात तर तुम्ही सुमारे 2200 फुटांवर असता, आणि आंबा घाटाने कोल्हापूरकडे जातानाही उंची 2000 फुटांच्या आसपास जाते. तारकर्लीला एखादी उथळ बुडी घेणाऱ्याला यात धोका कमीच असतो. खोल किंवा अनेक बुड्या झाल्या असतील, तर मात्र ती रात्र किनाऱ्यावरच काढा.

फॉर्मवर ‘नाही’ लिहिण्यापूर्वी

बुडीआधी आरोग्याची प्रश्नावली भरायला देतात. जगभर वापरली जाणारी प्रश्नावली 10 प्रश्नांची आहे, आणि वय 45 च्या पुढे आहे का, हाही त्यात एक प्रश्न असतो. काही उत्तरे ‘हो’ आली की डॉक्टरांचे पत्र लागते. बोटीवर, मागे रांग उभी असताना, ते पत्र कुठून आणणार? मग रक्तदाबाची गोळी चालू असलेला माणूस पैसे वाया जाऊ नयेत म्हणून ‘नाही’ लिहून मोकळा होतो. आयोजकाकडून फॉर्म आधी मागवून घ्या आणि निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा.

दमा, फिट येणे, हृदयविकार, इन्सुलिन, पूर्वी फुप्फुसाभोवती हवा साठलेली असणे किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेली असणे, यांपैकी काहीही असेल तर सल्ल्याशिवाय पाण्यात उतरू नका. गरोदरपणात स्कूबा करूच नये.

सर्दी, कान आणि बोट लागण्याची गोळी

प्रत्यक्षात सर्वांत जास्त त्रास होतो तो कानाचा. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, पण कानाला तो पहिल्या एक-दोन मीटरमध्येच जाणवतो. नाक धरून हलकेच फुंकत किंवा आवंढा गिळत हळूहळू खाली जायचे असते. कान दुखला तर खाली जाणे थांबवा, थोडे वर या आणि प्रशिक्षकाला खूण करा. सहन करत खाली गेलात तर पडदा फाटू शकतो. सर्दी असेल त्या दिवशी बुडी रद्द करा. नाक मोकळे करणारे औषध घेऊन उतरलात आणि पाण्यातच त्याचा असर संपला, तर वर येताना कान अडकतो.

बोट लागू नये म्हणून घेतलेल्या काही गोळ्यांनी झोप येते. अशी गोळी पहिल्यांदाच बुडीच्या सकाळी घेऊ नका. आदल्या रात्री मद्यपान नको, आणि पाणी भरपूर प्या.

पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरू नका. वर येताना फुप्फुसातील हवा फुगते, आणि दीड मीटर खोलीवरूनही श्वास धरून वर आल्यास इजा होऊ शकते.

जहाजावर परतल्यानंतर

त्या दिवशी गरम पाण्याचा टब, मसाज आणि जिम टाळा. मसाजमुळे अंग दुखले की ते कशामुळे दुखते आहे, हेच कळत नाही.

सांधेदुखी, मुंग्या, अंगावर चट्टे, चक्कर, हातपाय कमजोर वाटणे, लघवी अडणे, धाप लागणे यांपैकी काही दिसले तर लगेच जहाजावरील डॉक्टरांना गाठा आणि बुडीची वेळ व खोली सांगा. लक्षणे बहुतेक पहिल्या काही तासांत दिसतात, क्वचित 24 तासांपर्यंतही. ‘दमलो असेन’ म्हणून झोपून जाऊ नका. रुग्णाला आडवे ठेवून शुद्ध ऑक्सिजन द्यावा लागतो, आणि पुढचा उपचार दाबकक्षात होतो. तो बहुतेक जहाजांवर नसतो. किनाऱ्यावर असाल तर 108 ला फोन करा. जवळच्या रुग्णालयात ऑक्सिजन सुरू झाल्यावर दाबकक्ष असलेल्या केंद्राशी बोलणे डॉक्टरांनी करायचे असते. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ही सोय आहे. रुग्णाला हलवताना घाटाचा रस्ता शक्यतो टाळायला सांगा.