शास्त्रीय नावात जपलेली आठवण

जेलीफिश शिकवताना आपण सहसा सांगतो : मेंदू नाही, हृदय नाही, हाडे नाहीत, शरीराचा सुमारे ९५ टक्के भाग पाणी. अशा प्राण्याने एका माणसाला दुःखात आधार दिला, असे म्हटले तर विद्यार्थी हसतील. पण तसे घडले आहे खरे.

अर्न्स्ट हेकेल हे जर्मनीतील येना विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ. 'इकॉलॉजी' हा शब्द त्यांनीच १८६६ साली घडवला. त्याआधी, १८६२ मध्ये, अ‍ॅना झेटे हिच्याशी त्यांचा विवाह झाला होता. पण १६ फेब्रुवारी १८६४ रोजी, नेमक्या हेकेलांच्या तिसाव्या वाढदिवशी, अ‍ॅना अचानक वारली. खचलेले हेकेल भूमध्य समुद्राकाठी नीसला गेले. तेथे पाण्यात त्यांना एक जेलीफिश तरंगताना दिसला. त्याच्या लोंबत्या स्पर्शकांत त्यांना अ‍ॅनाचे सोनेरी केस दिसले. त्याचे नाव त्यांनी ठेवले 'मिट्रोकोमा अ‍ॅनी'. ग्रीक भाषेत 'कोमे' म्हणजे केस!

पुढे हेकेलांनी दुसरा विवाह केला. तरीही १८७९ साली, जेलीफिशवरील मोठ्या ग्रंथात, आणखी एका जातीला त्यांनी अ‍ॅनाचे पूर्ण नाव दिले : 'डेस्मोनेमा अ‍ॅनाझेटे'. येनातल्या आपल्या घराचे नाव ठेवले 'व्हिला मेडुसा'. १८९९ ते १९०४ या काळात निघालेल्या 'निसर्गातील कलारूपे' या त्यांच्या १०० चित्रफलकांच्या संग्रहात आठव्या फलकावर हाच जेलीफिश आहे. मोनॅको येथील सागरी संग्रहालयातले झुंबरही हेकेलांच्या जेलीफिश-चित्रांवरून घडवलेले आहे.

मग विज्ञानात भावनेला जागा आहे का? आम्हांला वाटते, आहे. पण एक पथ्य पाळून. नाव देताना हेकेलांनी मन मोकळे केले, त्याने कुणाचे बिघडले नाही. मात्र १८६८ च्या एका पुस्तकात त्यांनी कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे भ्रूण म्हणून एकच ठसा तीनदा छापला. आपल्या सिद्धान्तावरचे प्रेम तेथे डोळ्यांच्या पुढे धावले. टीका झाली, आणि ती रास्तच होती.

वर्गात या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात. काय पाहायचे हे प्रेमाने ठरवावे. काय दिसले हे मात्र डोळ्यांनीच सांगावे.