नावातील दोन झाडे

जे. पी. नगरात बिऱ्हाड थाटल्यावर दुकानांच्या पाट्यांवरून कानडी अक्षरे लावताना आम्ही प्रत्येक अक्षराशी एखादे ओळखीचे चित्र जोडीत असू. तेथे मूळ अक्षरे पन्नासच्या आतबाहेर. मग ज्या लिपीत चिन्हे हजारांनी मोजावयाची, ती परक्याने स्मरणात कशी ठेवावी? हा प्रश्न पडला की आम्हांस सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात.

चिनी लिपीचा पसारा वरवर वाटतो तितका बेशिस्त नाही. १७१६ सालच्या कांग्शी कोशाने सारी चिन्हे २१४ घटकांखाली लावून दिली आहेत. झाडाचे चिन्ह घ्या: दोन झाडे म्हणजे राई, तीन म्हणजे अरण्य. म्हणींना आधार असतो तो कथेचा. 'बुंधा राखीत सशाची वाट पाहणे' ही चार चिन्हांची म्हण. धावता ससा बुंध्यावर आपटून मेला, तेव्हा शेतकरी नांगर टाकून दुसऱ्या सशासाठी तेथेच बसून राहिला, अशी कथा हान फेईच्या ग्रंथात आहे. ती कळली की चारही चिन्हे ओळीने आठवतात. 'बुंधा' या चिन्हातही पुन्हा तेच झाड!

कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जखमी सैनिकास कोठे दुखते, हे विचारावयासही भाषा हवी. ती त्यांनी अशी आत्मसात केली की पुढे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस ते चिनीतूनच शिकवू लागले.

पथकातील पाचही जणांनी चिनी नावे घेतली व प्रत्येकाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर आले. कोटणीस झाले 'के दिहुआ'. 'के' म्हणजे फांदी, 'दि' हे एका फुलझाडाचे नाव. दोन्ही चिन्हांत झाड आहे. 'हुआ'चा जुना अर्थ फूल. आणि 'दिहुआ' ही जोडी तर शी-चिंग या प्राचीन काव्यसंग्रहातील एका गीतामुळे बंधुप्रेमाची खूण होऊन बसली आहे.

ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांस पुत्र झाला. त्याचे नाव 'इनहुआ', भारत आणि चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस निवर्तले.

कोणा मराठी माणसास चिनी लिपी शिकावयाची असेल, तर त्याने पहिला धडा याच तीन अक्षरांचा घ्यावा, असे आम्हांस वाटते.