रॉबर्ट बोल्ट : श्रुतिकेपासून पटकथेपर्यंत

रॉबर्ट बोल्ट (१९२४–१९९५) हे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. मात्र ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ आणि ‘डॉक्टर झिवागो’ या चित्रपटांची नावे अनेकांनी ऐकलेली असतात. त्यांचे हे पटकथालेखक मँचेस्टरजवळच्या सेल या गावचे. १९५८ पर्यंत ते शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि नोकरी सांभाळून बीबीसी नभोवाणीसाठी श्रुतिका लिहीत होते.

‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ ही त्यांची सर्वात गाजलेली कृती १९५४ मध्ये प्रथम नभोवाणीवरच आली. त्यानंतर १९५७ मध्ये दूरचित्रवाणी, १९६० मध्ये लंडनची रंगभूमी आणि १९६६ मध्ये चित्रपट, असा तिचा प्रवास झाला. विषय सोळाव्या शतकातला आहे. राजा आठवा हेन्री स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख घोषित करतो. ते मान्य करणारी शपथ थॉमस मोर घेत नाहीत आणि १५३५ मध्ये त्यांचा शिरच्छेद होतो. श्रुतिकेत दिसत काहीच नाही, सगळा भार शब्दांवर. बोल्ट यांची पात्रे वकिलासारखी मुद्देसूद भांडतात, त्याचे मूळ मला या सवयीत दिसते.

वाळवंटात मात्र हे कौशल्य पुरेसे नव्हते. ‘लॉरेन्स’मध्ये ओमर शरीफ विहिरीकडे येतो तो प्रसंग पाहा : मृगजळात एक ठिपका हळूहळू मोठा होत जातो, आणि संवाद जवळपास नाहीच. या चित्रपटाचे आधीचे लेखन मायकेल विल्सन यांचे होते. ते हॉलिवूडच्या काळ्या यादीत असल्याने १९६२ मध्ये त्यांचे नाव पडद्यावर आले नाही. श्रेयाचा हा अन्याय पुढे बऱ्याच वर्षांनी दुरुस्त झाला.

याच पटकथेचे काम सुरू असताना, सप्टेंबर १९६१ मध्ये, बोल्ट तुरुंगात गेले. अण्वस्त्रविरोधी आंदोलनात बर्ट्रांड रसेल यांच्यासह अनेकांना शांतता राखण्याचे हमीपत्र मागण्यात आले. बोल्ट यांनी ते नाकारले. शिक्षा झाली एक महिन्याची. इकडे चित्रीकरण सुरू झालेले आणि पटकथा अपुरी. निर्माते सॅम स्पीगल तुरुंगात जाऊन त्यांना भेटले. चित्रपट बंद पडला तर अनेकांचे काम जाईल, हा युक्तिवाद बिनतोड होता. बोल्ट यांनी सही केली आणि ते मुदतीआधी बाहेर आले. या सहीची खंत त्यांना पुढे कायम राहिली. शपथ नाकारणाऱ्या मोर यांचे तेच नाटक त्या नोव्हेंबरात ब्रॉडवेवर सुरू झाले आणि त्याला टोनी पुरस्कारही मिळाला.

सही करण्यात चूक होती का, यावर वर्गात दोन तट पडतात. माझे मत असे, की मोर यांच्यापुढे फक्त स्वतःचा जीव होता असे मानणे बरोबर नाही. त्यांच्या घरच्यांनाही किंमत मोजावी लागली, आणि नाटकात बोल्ट यांनी ते लपवलेले नाही.

१९६६ च्या चित्रपटासाठी बोल्ट यांनी रंगमंचावरचा ‘सामान्य माणूस’ वगळला. प्रेक्षकांशी थेट बोलणारे, नोकरापासून जल्लादापर्यंत सगळ्या भूमिका करणारे, जिवाला जपणारे हे पात्र. या पटकथेला ऑस्कर मिळाले. ‘झिवागो’साठीचे त्यांना आदल्याच वर्षाच्या पुरस्कारांत मिळाले होते.