भिंतीवर ब्रशचे पट्टे का उमटतात? घर रंगवताना या गोष्टी लक्षात ठेवा

दसरा-दिवाळी जवळ आली की छत्रपती संभाजीनगरमध्ये घरोघरी रंगाचे डबे उघडले जातात. मजुरी वाचवायची म्हणून अनेक जण स्वतःच ब्रश हातात घेतात. पण रंग वाळल्यावर भिंतीवर पट्टे दिसू लागतात. याचं एक मोठं कारण म्हणजे अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा फिरवलेला ब्रश.

ब्रश कोणता घ्यावा?

इमल्शन पाण्यात मिसळतात. त्यासाठी नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या केसांचा ब्रश घ्यावा. नैसर्गिक केस पाणी शोषून ढिले पडतात, ते ऑइल पेंटला चालतात. कडा, कोपरे आणि स्विचबोर्डभोवती २ इंची, तर मोकळ्या भिंतीसाठी ४ इंची ब्रश सोयीचा. नवीन ब्रश आधी झटकावा, म्हणजे सुटे केस भिंतीला चिकटत नाहीत.

रंग कसा लावायचा?

ब्रश केसांच्या एक तृतीयांशापर्यंतच बुडवावा आणि डब्याच्या आतल्या बाजूला हलका आपटावा. एका वेळी साधारण ३ फूट रुंदीचा भाग घ्यावा. कोरड्या भागावर रंग टेकवून ओल्या रंगाकडे ओढावा. शेवटी दाब न देता वरून खाली एकच हात फिरवावा. मग तिथे परत जाऊ नये.

मराठवाड्यातल्या ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत रंग झपाट्याने वाळतो. त्यामुळे रंग लावताना पंखा बंद ठेवावा. उन्हात तापलेली भिंत सावलीत आल्यावरच रंगवावी. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात चांगले. मधलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं.

जुना रंग घासताना काय काळजी घ्यावी?

घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत जास्त शिसं असू शकतं. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. भिंत ओली करून वॉटर पेपरने घासावी, मास्क लावावा, मुलांना आणि गरोदर महिलांना त्या खोलीपासून दूर ठेवावं आणि फरशी ओल्या फडक्याने पुसावी.

काम संपल्यावर ब्रशचं काय?

इमल्शनचा ब्रश लगेच साबणाच्या पाण्याने, ऑइल पेंटचा टर्पेंटाइनने धुवावा. केस सरळ करून ब्रश टांगून वाळवावा. केसांवर उभा ठेवला तर ते वाकतात आणि पुढच्या वेळी पुन्हा पट्टे उमटतात.