क्राफ्टवेर्क : मैफलीतील वाद्ये व ध्वनी

जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहराचा इलेक्ट्रॉनिक संगीतातील आद्य संघ. स्थापना १९७०, संस्थापक राल्फ ह्युटर व फ्लोरिआन श्नायडर. ‘क्राफ्टवेर्क’ या जर्मन शब्दाचा अर्थ वीजनिर्मिती केंद्र. या संघाचे नाव निघाले की यंत्रे आपोआप वाजतात आणि माणसे नुसती उभी राहतात, असे चित्र डोळ्यांसमोर येते. १९७०च्या दशकातील मैफलींना ते मुळीच लागू पडत नाही. त्या काळी ताल आणि सुरावटी मुख्यतः हातानेच वाजत. यंत्रासारखी वाटणारी ती शिस्त वादकांनी रियाजाने कमावलेली होती.

आरंभीच्या कार्यक्रमांत तर सिंथेसायझर नव्हताच. श्नायडर बासरी वाजवी आणि तिचा आवाज प्रतिध्वनीच्या उपकरणांतून फिरवून बदलून टाकी. ह्युटरकडे ऑर्गन होते. ताल साध्या ड्रमवर धरला जाई. १९७१ मध्ये ह्युटर काही महिने बाहेर पडला. तेव्हा श्नायडर, गिटारवादक मिखाएल रोटर आणि ड्रमवादक क्लाउस डिंगर या तिघांनी कार्यक्रम केले. त्यांचा आवाज भरदार व रॉकच्या अंगाने जाणारा होता. पुढे रोटर व डिंगर यांनी ‘नॉय!’ हा स्वतंत्र संघ काढला. ह्युटर परतला तोवर ड्रमवादक निघून गेला होता. मग ‘क्राफ्टवेर्क २’ (१९७२) या अल्बममध्ये ठेका धरण्याचे काम साध्या तालयंत्राकडे आले. घरगुती इलेक्ट्रिक ऑर्गनच्या साथीला असते तसेच हे यंत्र. त्यात ठरावीक ठेके आधीच भरलेले असत.

पण तालयंत्राचा ठेका बटण दाबले की आपला आपण चालत राहतो. वादकाला मध्येच एखादा ठोका घालता येत नाही की गाळता येत नाही. १९७३ मध्ये वोल्फगांग फ्ल्यूर संघात आला आणि ही अडचण सुटली. एका फळीवर धातूच्या चकत्या बसवल्या. हातात विणकामाच्या सुईसारख्या बारीक धातूच्या काठ्या घेतल्या, त्यांना तारा जोडल्या. काठी चकतीला टेकली की विद्युतमंडल पूर्ण होई आणि तालयंत्रातील ड्रमचा किंवा झांजेचा आवाज नेमका त्याच क्षणी उमटे. या वाद्याचा खरा विशेष असा, की ठोका हलका असो वा जोराचा, आवाज तेवढाच निघतो. तबल्यात जे थापेच्या वजनाला महत्त्व आहे, त्याला इथे जागाच नाही. उरतो तो फक्त वेळेचा अचूकपणा. म्हणून वादक खांदे न हलवता मनगटाने अलगद टिपल्यासारखे वाजवी. संघाची ती ताठ, संयत उभे राहण्याची ढब पुष्कळ अंशी या वाद्याने घडवली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अशा तालवाद्याचे अमेरिकी पेटंट १९७७ मध्ये ह्युटर व श्नायडर यांच्या नावे झाले. फ्ल्यूरने मात्र ते घडवण्यात आपला मोठा वाटा असल्याचे सांगितले आहे.

‘ऑटोबान’ (१९७४) या अल्बमचे शीर्षकगीत बावीस मिनिटांहून मोठे आहे. ते गाजल्यावर १९७५ मध्ये संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. त्यासाठी संगीतविद्यालयात शिकणारा कार्ल बार्टोस दुसरा तालवादक म्हणून आला आणि चौघांची प्रसिद्ध जोडणी पुरी झाली. मिनिमूग व आर्प ओडिसी हे सिंथेसायझर आता रंगमंचावर होते. दिव्यांच्या उष्णतेने या जुन्या ॲनलॉग वाद्यांचा सूर सरकतो, त्यामुळे कार्यक्रमाच्या ओघातच ती पुन्हा सुरात लावावी लागत. याच सुमारास ‘ऑर्केस्ट्रॉन’ हे वाद्य आले. त्यात समूहगायनाचे व तंतुवाद्यांचे सूर पारदर्शक तबकडीवर चित्रित केलेले असतात आणि प्रकाशकिरणाने ते वाचले जातात. ‘रेडिओ-ॲक्टिव्हिटी’ (१९७५) मधील धूसर, काहीसा गूढ गायकवृंद याच वाद्याचा. प्रकाशाचे किरण हाताने अडवून ठोके काढण्याचा पिंजराही बनवला होता. रंगमंचावर तो बेभरवशाचा ठरला आणि लवकरच बाजूला पडला.

सुरांची मालिका स्वतःहून फिरवणारा सीक्वेन्सर ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’च्या (१९७७) सुमारास आला. बॉन येथील एका स्टुडिओने तो संघासाठी बनवून दिला होता. रंगमंचावर त्याचा पुरेपूर उपयोग १९८१च्या दौऱ्यात झाला. ‘कॉम्प्युटर वर्ल्ड’ या अल्बमच्या या दौऱ्यासाठी ‘क्लिंग क्लांग’ हा संघाचा अवघा स्टुडिओच सुटा करून वाहून नेता येईल असा बांधला गेला. यंत्रांच्या तिरक्या रांगा दोन्ही बाजूंना, मागे चलच्चित्रांचे पडदे आणि मध्ये चौघे जण. या दौऱ्यात संघ मुंबईतही आला होता. ‘पॉकेट कॅल्क्युलेटर’ हे गाणे आले की चौघेही रंगमंचाच्या कडेला येत. हातात खेळण्याएवढा कीबोर्ड, स्टायलोफोन, गणकयंत्र असे काहीबाही असे. ते पुढच्या रांगेतल्या श्रोत्यांसमोर धरून कळ दाबायला देत.

त्यानंतर दौरे जवळजवळ दशकभर थांबले. फ्ल्यूर व बार्टोस बाहेर पडले, स्टुडिओ डिजिटल झाला. ‘द मिक्स’ (१९९१) मध्ये जुनी गाणी नव्या यंत्रणेवर पुन्हा बांधली गेली आणि पुढील मैफलींत तीच रूपे वाजू लागली. नव्या शतकात त्या सगळ्या रांगांची जागा चार मेजे आणि लॅपटॉप यांनी घेतली. श्नायडर २००८ मध्ये बाहेर पडला. २०२० मध्ये त्याचे निधन झाले.

संघाचा पहिला अधिकृत मैफल-अल्बम ‘मिनिमम-मॅक्सिमम’ २००५ मध्ये आला. तो लॅपटॉपच्या काळातला आहे. हातांनी वाजवलेल्या वर्षांचा ध्वनी ऐकायचा, तर दूरचित्रवाणीची जुनी चित्रणे आणि श्रोत्यांनी केलेली ध्वनिमुद्रणेच शोधावी लागतात. १९७०च्या अखेरीस झोस्ट या गावी झालेल्या कार्यक्रमाचे चित्रण त्यांत विशेष मोलाचे. तरुण श्रोते वादकांभोवती दाटीने बसले आहेत आणि श्नायडरच्या ओठांशी बासरी आहे.