भारनियमनाच्या काळातील खान्देश आणि कमी वॅटचे संगणक

खान्देशात संगणक पोहोचला तो काळ आणि भारनियमनाचा, म्हणजे मागणीला वीज अपुरी पडल्यामुळे पाळीपाळीने पुरवठा बंद ठेवण्याचा काळ, बऱ्याच अंशी एकच असल्यामुळे जळगाव-धुळ्याकडील संगणकाचा इतिहास विजेला वगळून सांगता येत नाही. २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्याच्या गावांपर्यंत गेले. तेथील जाड काचेच्या मॉनिटरचे संगणक शंभराहून अधिक वॅट खात आणि वीज गेली की यूपीएस जेमतेम फाईल सेव्ह करण्यापुरता तग धरी. भुसावळजवळच्या दीपनगरात वीजनिर्मितीचे २१० मेगावॅटचे संच चालू असूनही खेड्यांतील दिवे जात, ही विसंगती त्या काळाने मुकाट्याने पचवली.

अशा प्रदेशाला २००८ मध्ये आलेला इंटेलचा ॲटम एन२७० हा प्रोसेसर, म्हणजे संगणकातील आकडेमोड करणारी मुख्य चिप, सोयीचा वाटावा असाच होता, कारण तो अवघ्या अडीच वॅटचा होता. मात्र हा आकडा एकट्या चिपचा. तिच्यासोबत बसणाऱ्या ९४५जीएसई आणि आयसीएच७-एम या दोन जोडचिपा अनुक्रमे ६ आणि ३.३ वॅटच्या असल्याने एकूण हिशेब ११.८ वॅटवर जाई. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असाच हा व्यवहार होता.

तरीही ही चिप बसवलेले छोटे लॅपटॉप चालून गेले, याचे कारण तेव्हाच्या चित्रफितींत शोधावे लागते. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने पन्नासेक किलोमीटरवरच्या मालेगावात, जेथे शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला, तेथील विनोदी चित्रपट आणि अहिराणी गाणी व्हीसीडीवर फिरत. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे आणि एमपेग-१ या जुन्या, सोप्या पद्धतीने आवळलेले असल्यामुळे ते उलगडणे ॲटमला जड जात नसे. अडचण निराळीच होती: या लॅपटॉपना सीडीचा कप्पाच नसे, म्हणून तबकडीवरील ‘डॅट’ फाईल दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी लागे.

पुढे एच.२६४ या अधिक घट्ट आवळणाऱ्या पद्धतीच्या एचडी फिती आल्या आणि ॲटम उघडा पडला. अशी फीत उलगडण्यासाठी चिपमध्ये राखीव विभाग असेल तर मुख्य चिप जवळजवळ मोकळी राहते. तो नसेल तर सारा भार तिच्यावरच येऊन चित्र अडखळते. २०११ च्या आरंभी आलेला एएमडीचा ई-३५० कागदावर १८ वॅटचा, म्हणजे ॲटमच्या सातपट; पण त्यात हा विभाग होता, आणि चित्रफीत पाहणाऱ्यासाठी तोच खरा सरस प्रोसेसर होता. केवळ वॅट पाहून निवड करणाऱ्यांची फसगत झाली ती येथेच.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, अहिराणी गाणी यूट्यूबवर गेली आणि यूट्यूब तोवर व्हीपी९ या नव्या पद्धतीकडे वळले होते व नंतर एव्ही१ कडेही वळले. ई-३५० मधील राखीव विभागाला त्यांपैकी एकही कळत नव्हती, त्यामुळे एके काळी ॲटमवर आलेली पाळी आता त्याच्यावर आली. २०२३ मध्ये आलेल्या इंटेलच्या एन१०० मध्ये आकडेमोड करणारे चार गाभे, जोडचिपांची कामे आणि एव्ही१ उलगडणारा विभाग हे सारे एकाच आवरणात बसले असून त्याचा आकडा ६ वॅट आहे, म्हणजे एन२७० सोबतच्या एकट्या ९४५जीएसईइतकाच.