अस्थिअर्बुदांचे क्ष-किरण गुणांकन

हाडातील गाठीच्या साध्या एक्स-रेवर दिसणाऱ्या खुणांना ठरावीक गुण देऊन ती कर्करोगाची असण्याचा धोका ठरविण्याची पद्धत. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या समितीने 2023 मध्ये मांडलेली ‘बोन-रॅड्स’ ही तिची प्रमुख प्रणाली.

पद्धतीचा पाया गाठीच्या कडेत आहे. हाड कसे झिजले यावरून वाढीचा वेग वाचण्याची वर्गवारी ग्विलिम लॉडविक या अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञांनी 1980 मध्ये रूढ केली. 1963 मध्येच त्यांनी अस्थिअर्बुदांच्या निदानासाठी संगणक वापरून पाहिला होता. गाठ सावकाश वाढली तर हाडाला तिच्याभोवती नवे हाड रचायला सवड मिळते आणि पांढरी रेखीव कड दिसते (प्रकार 1अ). कड स्पष्ट, पण पांढरी रेघ नाही, तो 1ब. जायंट सेल ट्यूमर ही गाठ बहुधा अशी दिसते. पुढे कसर लागल्यासारखे हाड (2) आणि बारीक छिद्रांनी पोखरलेले, कडच न उरलेले हाड (3). बोन-रॅड्समध्ये याखेरीज पर्यस्थीची (हाडावरील आवरणाची) प्रतिक्रिया, हाडाच्या कवचाची आतून झीज, गाठीमुळे झालेले फ्रॅक्चर, हाडाबाहेर आलेला मऊ गोळा आणि रुग्णाचा पूर्वीचा कर्करोग यांचेही गुण धरतात. बेरजेवरून 1 (धोका अत्यल्प) ते 4 (धोका मोठा) असा वर्ग मिळतो. चित्र अपुरे असेल तर 0.

विदर्भातील वाशीमसारख्या जिल्ह्यात या पद्धतीचे मोल अधिक. एक्स-रे जवळ निघतो. अस्थिकर्करोगाची शस्त्रक्रिया करणारे पथक मात्र नागपूर किंवा मुंबईला, जिथे टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 पासून आहे. जिल्ह्यातील रिसोड किंवा मानोऱ्याच्या डॉक्टरने चिठ्ठीत ‘गाठ दिसते’ एवढेच न लिहिता वर्ग 4 लिहिला, तर पुढच्या तज्ज्ञाला निकड लगेच कळते. अशा गाठीचा तुकडा तपासणीसाठी गावातच काढू नये. सुईची वाट गाठीबरोबर कापून काढावी लागते. ती चुकीच्या जागी पडली तर वाचू शकणारा पाय गमवावा लागू शकतो. ऑस्टिओसारकोमा हा हाडाचा कर्करोग प्रामुख्याने 10 ते 20 वर्षांच्या मुलांना, गुडघ्याजवळ होतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

मर्यादाही आहेत. हाडाचा क्षयरोग आणि पू होणारा संसर्ग भारतात वारंवार आढळतात व तेही हाड असेच पोखरतात. गुण त्यांना वेगळे करू शकत नाहीत. जाळीदार हाडातील 30 ते 50 टक्के खनिज गेल्याशिवाय एक्स-रेवर काही उमटत नाही. म्हणून रात्री झोपमोड करणारे दुखणे टिकून असेल, तर चित्र निर्दोष असले तरी एमआरआय करावा.